पपांच्या बेसमधली घूं

दाफी,

रागावू नकोस. तू कोलकात्याहून मागवलेले, तारांचा आवाज पकडून अ‍ॅम्पकडे नेणाऱ्या पिकअपचे दोन्ही जोड मी आपल्या पपांच्या बेस गिटारला लावून पाहिले. पहिल्याचा आवाज पत्र्यासारखा येतो. दुसरा मात्र सुरेख आहे, खालचा सूर भरदार आणि मागे जराही घूं नाही. तुझी निवड चुकलेली नाही. तरी मी जुनेच परत बसवलेत.

जुन्यांची ती सततची घूं तारांना हात लागला की थांबते. काल नवे लावले, तर मेई स्वयंपाकघरातून आली. म्हणाली, "बान, आता तुझ्या पपांनी हात लावला की नाही, हे मला आतून कळणार कसं?"

अर्धांगाचा झटका आल्यापासून पपा बेस मांडीवर घेऊन नुसते बसतात, असं आपण समजत होतो. आपली आई, मेई मात्र चुलीपाशी कान देऊन असते.

मी जोवाईला बायकोच्या घरी निघालोय. तू घरी आलीस की अ‍ॅम्प चालूच ठेव. भाताचं करपलेलं पातेलं भिजत घातलंय, त्यावरून मेईला बोलू नकोस. सकाळी घूं दोनदा थांबली, आणि दुसऱ्यांदा कितीतरी वेळ परत आलीच नाही.

बान