संपावर हजर

प्रिय गुलाम रसूल,

तुझ्या दुकानाविरुद्ध माझी एक गंभीर तक्रार आहे. ईदेला तू जो पांढरा सदरा शिवून पाठवलास, त्याची कॉलर इतकी कडक आहे की मान खाली घालताच येत नाही. सरकारी नोकराच्या सदऱ्याला असली कॉलर लावणं म्हणजे अहेरीच्या समस्त शिंपीवर्गाला काळिमा. साहेब समोर आले की मान कशी आपोआप वाकायला हवी. माझी अडकून बसते आणि साहेबांना वाटतं, मास्तर माजला. सध्या तसं वाटायला निमित्तही भरपूर आहे, कारण मी संपावर आहे. मी, आणि माझ्या शाळेतली दुसरी शिक्षिका, म्हणजे तुझी लेक इकरा.

कायद्याचं तू पेपरात वाचलंच असशील. शाळेचं काम आता अत्यावश्यक सेवा झालं आहे. संप केला की गुन्हा, आणि उचलून न्यायला वॉरंटही नको. गड्या, मला तर भरून आलं. संस्कृतात एम.ए. करून एटापल्लीच्या पुढच्या जंगलात माडिया पोरांना मराठी मुळाक्षरं शिकवण्यात माझे केस पिकले, पण मी अत्यावश्यक असल्याचं कुणी कधी बोललं नव्हतं. नाल्याला पूर येऊन आम्ही अलीकडे अडकतो तेव्हा नसतो, वर्गाचं छप्पर गळतं तेव्हा नसतो. बसलो की लगेच होतो! आणि बसलो कशासाठी, तर पट कमी म्हणून आमच्यासारख्या शाळा बंद करू नका एवढ्यासाठी. आता त्यात आणखी एक मागणी जोडली आहे: बसू द्या.

संघटनेचा आदेश होता की सगळ्यांनी एटापल्लीला पंचायत समितीसमोर बसायचं. पण आमच्या गावात कुणीही मोठा निर्णय घेतला की तो ग्रामसभेसमोर मांडावा लागतो आणि सगळ्यांचं एकमत होईपर्यंत कुणी उठत नाही. मी रीतसर मांडला. सकाळी सुरू झालेली सभा ऊन कलेपर्यंत चालली. धानाची कापणी टाकून बाया आल्या होत्या. शेवटी गावचा पाटील लालसू म्हणाला, "गुरुजी, एटापल्लीले काऊन जाता? तिथी तुमाले कोन वळखते? इथीच बसा. शाळा आमची जाऊन राह्यली, अन् बसाचं तिकडं?" झालं. शाळेची किल्ली लालसूकडे, आणि आम्ही दोघं शाळेसमोरच्या मोहाखाली.

आता गंमत ऐक. शिक्षक मोहाखाली, म्हणून पोरंही मोहाखाली. एरवी गुरं राखायला पळणारी, मासे धरायला जाणारी, सगळी हजर. आम्ही शिकवत नाही, कारण संप आहे. मग मोठी पोरं लहानांना शिकवतात, तीही चुकीचं, आणि मला तोंड मिटून ऐकावं लागतं. संपाचे हाल म्हणतात ते हेच. शाळेची खिचडी शिजवणाऱ्या वच्छलाबाईंना मी सांगितलं की संप आहे, खिचडी बंद ठेवली तरी चालेल. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. "संप तुमचा हाय, पोट पोरायचं हाय," म्हणाल्या आणि चूल पेटवली.

मग पंचनाम्याला शिक्षण खात्याचे साहेब आले. शिक्षक हजर आहेत का? आहेत. विद्यार्थी? सगळे. शिकवणं चालू आहे? नाही. मग गैरहजर लिहू? समोर बसलोय की! बिचाऱ्याने बराच वेळ पेन दाताखाली धरलं, खिचडी खाल्ली, वच्छलाबाईंच्या हाताची तारीफ केली आणि जाताना मला बाजूला घेऊन हळूच सांगितलं की सोमवारी पोलिसांची गाडी येणार. माझी चौकशी होईल, निलंबन होईल. इकरा अजून शिक्षण सेवक, कायम झालेली नाही. तिची तर चौकशीही नाही, एका ओळीत घरी. माफी मागून कामावर हजर झाली तर मात्र वाचेल.

हे अहेरीपर्यंत पोचल्यावरच तू फोन केला होतास. मी टेकडीवर रेंज शोधत उभा, आणि तू गरजत होतास, "पंडत, पोरगी तुह्या भरोशावर पाठवली मी! तिले म्हण, सही कर अन् वर्गात जाय!" मित्राचा शब्द मोडवेना. मी तुझा पूर्वपक्ष तिच्यापुढे मांडला, अगदी शास्त्रशुद्ध: नोकरी नवी, धाकट्या जिशानचं कॉलेज, तुझे थकलेले डोळे. तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "काका, माही जागा कशी भरली होती?" गावाने आणि मी उपोषणाला बसून दुसऱ्या शिक्षकाची ती जागा मिळवली, तेव्हा मंडपाला कापड तूच फुकट दिलं होतंस. "तुमी बसले नसते तं मी इथी असती का? मंग आता काऊन उठू?" उत्तरपक्ष तुझ्याकडे असला तर कळव.

तेव्हा हे स्पष्ट लिहितो: मी तिला उठवणार नाही. मीही उठणार नाही. कायदा करणाऱ्यांना आमचं काम लागतं, तर आमचं म्हणणंही लागलं पाहिजे. काम थांबवल्याशिवाय ते कुणाच्या कानावर जात नाही, हे त्यांनीच आम्हाला इतकी वर्षं शिकवलं आहे.

तुरुंगाची मला भीती नाही असं म्हणणं खोटं होईल. पण पाठ केलेले श्लोक बरेच आहेत, दिवस निघतील. माझी झोप उडते ती दुसऱ्याच गोष्टीने. सोमवारी ते मला एकट्याला नेतील आणि तिला मुद्दाम मागे ठेवतील. गाव तिच्या पाठीशी आहे, पण साहेब कायद्याच्या भाषेत घाबरवायला लागले की घरचं माणूस शेजारी लागतं. ती घरी तुला फोन करत नाही, कारण तू ओरडशील असं तिला वाटतं. रात्री मात्र तुझा फोटो बघत बसते, वच्छलाबाईंनी सांगितलं. म्हणून हे पत्र एसटीच्या कंडक्टरच्या हाती देतोय. रविवारच्या गाडीने ये. तिला न्यायला नको, तिच्या शेजारी बसायला ये. ती मोडेल याची मला काळजी नाही, गुलाम. ती एकटी पडेल याची आहे.

कडक मानेचा, तुझाच,
गुणवंत