सात अधिक पाच गुणिले शून्य

दादा,

तुझ्या लेकीच्या वहीतलं उत्तर बरोबर होतं. सात अधिक पाच गुणिले शून्य म्हणजे सातच. गुणाकार आधी होतो. शून्य शेजारच्या पाचाला गिळतं, सात जागचे हलत नाहीत. तू मात्र सात खोडून शून्य केलंस आणि वर पोरीला रडवलंस.

काल माझंही तेच केलंस. नवरा सोडला म्हणजे सगळं आयुष्य पाण्यात, म्हणालास. संसाराची पाच वर्षं गेली, कबूल. त्याआधी सात वर्षं टेलरकडे केलेलं कटिंग अजून हातात आहे. आजपासून पुन्हा तिथेच कामाला जाते. विचारत नाही, सांगते आहे.

सगळ्याचं शून्य करायला कंस लागतो. तो गणितात नव्हता. माझ्याभोवतीही घालू नकोस.

जेवण झाकून ठेवलंय. आधी वहीत सात लिही, मग जेव.

धाकटी