अंधारगडच्या खाणीत पाणी नाही

१५ जून २०२४
आजपासून वर्षभराची बिनपगारी रजा. विज्ञान शिकवणारे वैजनाथ सर संपले, कादंबरीकार वैजनाथ सुरू. हेडमास्तर म्हणाले, अजून विचार करा. मी नुसता हसलो. अशी माणसं मोठ्या लेखकाच्या चरित्रात एका ओळीपुरती येतात.

सिंधु म्हणाली, दवाखान्यातली नर्सची नोकरी माझी हाय, एक वर्ष घर मी ओढते. पण पुस्तक पूर्ण करून पुण्याच्या प्रकाशकाला पाठवायचं. छापो न छापो, पाठवायचं. न्हाई पाठवलं तर पुढच्या जूनला गुमान शाळेत, आन पुन्हा हा नाद न्हाई. मी म्हणालो, वर्ष कशाला, दिवाळीच्या आत उरकतो.

१६ जून
सकाळी ९. कादंबरीचं नाव: अंधारगड. राजपुत्र, नागीण, शापित सोनं, सगळं आहे. पण इतरांच्या गोष्टीत सोनं नुसतं असतं. काढलं कुणी? छताला टेकू कुणी लावला? खाली हवा कुठून येते? निघालेला मुरूम कुठं टाकतात? माझ्या कादंबरीत सगळं खरं असणार. आधी खाण, मग राजपुत्र.
सकाळी ९.४०. झोप.

८ जुलै
प्रत्यक्ष अनुभव हवा. जळकोटच्या बाहेर ठेकेदार अमरेशचं विहिरीचं काम चालू आहे. यारीच्या, म्हणजे विहिरीवरच्या क्रेनच्या, बकेटीत बसून खाली उतरलो. निम्म्यात लई घाम फुटला. ओरडलो. वर घेतलं. अमरेशची माणसं हसून राहिली होती. हसू द्या. अनुभव आला. खाली म्हणे अजून ओलही नाही. नोंद केली.

२ सप्टेंबर
८४ पानं. टेकू, हवेचा दुसरा बोगदा, रहाट, मुरूम वाहायच्या गाड्या, बैलांची पाळी. राजपुत्र अजून आलेला नाही. घाई करून चालत नाही. रस्ता झाल्याशिवाय माणूस यायचा कसा?

३० ऑक्टोबर
दिवाळी आली. डिसेंबर म्हणू.
कथेचा कणा मात्र सापडला! सहाशे फूट खोल खाण, हजार कामगार, आणि प्यायला पाणी नाही. राजा वरून बैलगाड्यांवर टाक्या पाठवतो. टाकी दर तिसऱ्या दिवशी. रांगा, भांडणं, मग बंड. लिहिताना माझाच घसा कोरडा पडला. असं वास्तव कुणी लिहिलेलं नाही. सिंधु ड्यूटीवरून आली, तिला वाचून दाखवायला लागलो. ऐकता ऐकता बसल्या जागी झोपली. थकते बिचारी. कादंबरी लांबलचक आहे, दम लागतो.

१२ जानेवारी २०२५
२१४ पानं! बंड संपलं. राजपुत्र पान २०९ वर आला आणि रांगेत उभा राहिला.
सिंधुचे मामा, गुरुबसप्पा, चार दिवस मुक्कामाला आलेत. कर्नाटकात सोन्याच्या खाणीत एकतीस वर्षं काढली. देवानंच धाडलं. वही वाचायला दिली.

१४ जानेवारी
संक्रांत. मामांनी तिळगूळ हातात ठेवला आणि विचारलं, नीरु एल्ली? म्हणजे, पाणी कुठाय? मी म्हणालो, तेच तर दाखवलंय, पाणी नाही. मामा म्हणाले, जावईबापू, खाणीत पाणी आणत नसतात, काढतात. रात्रंदिवस काढतात. पंप एक दिवस बंद पडला तर माणसं पळत सुटतात. तुमचा अंधारगड पान चारवरच बुडायला पाहिजे होता.

मी म्हणालो, मामा, आमच्या बोअरला सातशे फुटांवर धुरळा निघाला, सातशे! सगळ्या गल्लीनं पाहिलाय. मामा म्हणाले, ते खरं. पण ही खाण तुमच्या गल्लीत थोडीच हाय.

सिंधु चहा घेऊन दारात उभी होती. तिनं सगळं ऐकलं.

१५ जानेवारी
मामांचा विचार जुन्या वळणाचा आहे.

१९ जानेवारी
पंप टाकून पाहिला. पाणी आलं. टाक्यांची गरज गेली, रांग गेली, बंड गेलं, राजपुत्राला उभं राहायला जागा उरली नाही. २१४ पैकी उरली ३१ पानं. त्यात बैलांची पाळी ११.
पंप काढला.

२७ फेब्रुवारी
सिंधुला विचारलं, तुझ्या मनात कधी आलं होतं का, की जमिनीत खोल गेलं की पाणीच पाणी असतं म्हणून? ती म्हणाली, माझा निम्मा जन्म टँकरमागं पळण्यात गेला, माझ्या मनात कसं येईल? मग म्हणाली, तुम्ही लिहिलंय ते मला खरं वाटतं, तसंच पाठवा. मामा काय पुस्तक छापतात का?
तिला साहित्यातलं कळत नाही. तरी बरं वाटलं.

३१ मार्च
प्रकाशकानं दिलेली शेवटची तारीख. सकाळी सिंधुनं पार्सलला हळद-कुंकू लावलं, स्वतः दोरी बांधली. कुरिअरच्या दुकानात गेलो. पुढं दोघं होते. माझा नंबर आला. पोरीनं विचारलं, आत काय आहे? मला एकदम मामांसारखं, पाणी कुठाय, असं विचारणारी पुण्याची माणसं दिसली. म्हणालो, थोडं राहिलंय. पार्सल घेऊन परत आलो. जुन्या रजईत ठेवलं.
सिंधुनं विचारलं, दिलं का? म्हणालो, हाव. तसं खोटं नाही. पार्सल दुकानापर्यंत गेलं होतं.

२ एप्रिल
सिंधुनं दवाखान्यात पेढे वाटले. डॉक्टरांनी माझ्याशी हात मिळवला. चार दिवसांत दुरुस्ती करून गुपचूप पाठवतो. फक्त पाण्याचं काय करायचं ते ठरलं की झालं.

२१ एप्रिल
सिंधु रोज विचारते, उत्तर आलं का? मी म्हणतो, मोठ्या लोकांना वेळ लागतो. ती म्हणते, लागू द्या. ओरडली असती तर बरं झालं असतं.

१९ मे
टँकर आज आला नाही. सिंधु नाइट करून आली आणि घागर घेऊन टँकरची वाट बघत उभी राहिली. मी मदतीला जाणार होतो, पण नेमकी तेव्हाच एक कल्पना आली. लिहायला बसलो. आली तशी गेली.

११ जून
दुपारी १. सिंधुनं पुण्याला फोन लावला. नंबर पार्सलवर तिनंच लिहिला होता, पाठ होता. त्यांनी रजिस्टर बघून सांगितलं, जळकोटहून असं काही आलेलं नाही. ती मला म्हणाली, रस्त्यात हरवलं असंल हो, कुरिअरवाल्याला धरते, पावती द्या.
पावती!
मी रजई काढून दिली. तिनं पार्सल पाहिलं, कुंकू लागलेली दोरी पाहिली. खाली बसली. म्हणाली, नापसंत झालं असतं तर मी भांडले असते हो त्यांच्याशी. तुमच्यासाठी. मग रडली. अठरा वर्षांच्या संसारात तिला असं रडताना पाहिलं नव्हतं. मला लाज वाटली. हे प्रथमच लिहितोय, कुठलंही कारण न देता.

१३ जून
तिनंच हेडमास्तरांना फोन करून सांगितलं, सोमवारी येतात म्हणून. मला विचारलं नाही. माझ्याशी बोलते, पण भाजी काय करू एवढंच.

१६ जून
सोमवार. शाळेत हजर झालो. हेडमास्तरांनी रुजू होण्याचा कागद पुढं केला. वर्षभर मी एका गोष्टीचा न चुकता सराव केला होता, वाचकांना पुस्तकावर द्यायच्या सहीचा. मोठा व, खाली लांब रेघ, शेवटी दोन ठिपके. हात आपोआप तीच करून मोकळा झाला. क्लार्कनं मस्टर उघडून जुळवली. म्हणाला, सर, ही तुमची सही नाही, चालणार नाही. दुसरा कागद दिला.
जुनी आठवून केली.