तिसरं कडवं मागून येतं

पांडेसरा, सुरत
१० मार्च १९९६

साडूभाऊ सुकदेवराव यांस सोमाचा सप्रेम जय भीम. तुम्ही सगळे खुशाल असाल, मंदाच्या गुडघ्याला उतार पडला असेल आणि तुमची ढोलकी उंदरांनी अजून खाल्ली नसेल, असं धरून चालतो. इकडे काशीबाईची तब्येत उत्तम, माझी ती सांगेल तशी. (एवढं अहो-जाहो पुरे. पत्र तिथे चारचौघांत वाचलं जातं, म्हणून सुरुवात जरा शोभेशी केली.) पत्राला खास कारण असं काही नाही.

प्लेगच्या भीतीने सगळं सुरत स्टेशनाकडे धावलं, त्याला दीड वर्ष झालं. लोकांनी पेट्या-भांडी उचलली. तू ढोलकी उचललीस आणि सगळ्या पिशव्या मंदाच्या हातात दिल्यास. आठ दिवसांत येतो म्हणालास आणि गावीच रमलास. तर तुझ्यावाचून आपल्या गाण्याच्या पार्टीचं काही अडलेलं नाही, हे कळवावं म्हटलं. तुझ्या जागी नरेंद्र आलाय. साड्यांना घड्या घालायचं काम करतो, आणि त्याच्याकडे कॅसिओ आहे. एक बटण दाबलं की ढोलकी, दुसरं दाबलं की झांजा. कॅसिओ तंबाखू मळायला गाणं थांबवत नाही. तुझं आठव. कडोदऱ्याला लूमच्या शेडमागे आपला कार्यक्रम होता. तू दिवसभर माग चालवून आलेला, म्हणून ढोलकीही मागांच्या खटखटीवरच धरलीस. मी मनात म्हटलं, आज काय लय लागलीय! तेवढ्यात लाइट गेली, माग बंद पडले आणि तूही बंद पडलास. लोकांना वाटलं, तुझं कनेक्शनही तिथूनच घेतलंय. कोरसवाला चिंधा हसता हसता सतरंजीवरून खाली गेला. मी तेव्हा तुझ्यावर फार चिडलो होतो. आता मिलमध्ये कापड रंगवताना ते आठवतं, एकटाच हसतो, आणि मग फार आठवण येते तुझी.

महिन्याभरापूर्वी चलथाणला गेलो होतो, साखर कारखान्याच्या चाळीत. शेवटी फर्माईश आली ती आपल्या आईच्या गाण्याची. त्याचं तिसरं कडवं तू तुझ्या आईवर रचलंस आणि कधी कागदावर उतरू दिलं नाहीस. (का, तर लिहिलं की दुसरी पार्टी पळवते.) मला ते कधीच पाठ झालं नाही. मी पेटीवरचा हात वर करायचो, तू मागून उचलायचास, आणि लोक समजायचे की ही आपली पद्धतच आहे. तर दुसरं कडवं संपलं, मी सवयीने हात वर केला. मागून काही येईना. वळून बघतो तर कॅसिओ एकटाच वाजतोय आणि नरेंद्र गाठिया खातोय. मी बस थांबवणाऱ्यासारखा हात वर करून बसलेला. पुढे बसलेल्या पार्वती आजी शांतपणे म्हणाल्या, "भाऊ, दम धर. ते कडवं मांगथून येस, आमले माहीत शे."

आणि सगळी चाळ थांबली रे. इतकी माणसं तुझी वाट बघत होती, आणि मला पेटीपुढे पहिल्यांदाच एकटं वाटलं. शेवटी नरेंद्रने बटण बंद केलं आणि आम्ही जय भीम करून उठलो.

असो. पोरांना आशीर्वाद, मंदाला गुडघ्यासाठी निर्गुडीचा पाला.

तुझा साडू,
सोमा (आणि पार्टी)

ता. क. जयंतीला पांडेसऱ्यात आपला कार्यक्रम आहे. या वेळी गाणं अडलं तर पुढच्या वर्षीपासून ऑर्केस्ट्रा बोलावू, असं मंडळाने सांगून ठेवलंय. तेवढं तिसरं कडवं लिहून पोस्टाने पाठव. कोणी पळवणार नाही, मी छातीशी धरून ठेवीन.

दुसरा ता. क. काशीबाईला पत्र वाचून दाखवलं. ती म्हणते, ते कडवं पुढून म्हटलंत तर लोक ओळखायचे नाहीत. खरं आहे तिचं. पोस्टाने पाठवू नकोस. घेऊन ये.

तिसरा ता. क. काशीबाई लिहिते. मंदे, यांच्या बाकीच्या पत्राकडे लक्ष देऊ नको. चलथाणहून आल्यापासून यांनी पेटी उघडलेली नाही. भाऊजींना गाडीत तूच बसव. ढोलकी त्यांच्या हातात दे, पिशव्याही त्यांच्याच हातात दे.