अंगठा नसलेली वही

मामंजी, तुम्ही होतात तेव्हा मी दाराआडून बोलायची, आता खुर्चीत बसून बोलते. रागावू नका, रागवायला येणार तरी कसे? मला अक्षर येत नाही, म्हणून माझ्या थोरल्याची लेक लिहून घेतेय. तिच्या वेलांट्या कुठंही पडतात म्हणे, पण तुमच्या मुनीमजींचं अक्षर तरी कोणाला लागायचं?

जामबागेतलं आपलं भांड्यांचं दुकान अजून आहे. तुमच्या वेळी दोन वह्या असायच्या, एक खरी आणि एक टॅक्सच्या साहेबाला दाखवायची. दोन्ही लाल, दोन्ही मुनीमजींच्या हातच्या. लक्ष्मीपूजनाला तुम्ही हाक मारायचात, "सूनबाई, घरची लक्ष्मी तू, लाव अंगठा." सासूबाई नव्हत्याच, म्हणून तो मान माझा. मी कुंकवात अंगठा बुडवून खरीच्या पहिल्या पानावर उठवायची. दाखवायची तशीच राहायची. एकदा म्हटलं होतं, "जिला वाचता येत नाही, तिलाच खऱ्याखोट्याची खूण केलीत की!" तुम्ही हसला नाहीत. हसायला हवं होतं.

परवा थोरल्यानं माळ्यावरून एक जुनी वही काढली. तो गच्चीबावलीत नोकरी करतो, दुकानात कधी बसला नाही, पण आता त्याला ते विकायचंय. धाकटा तीस वर्षं गल्ल्यावरून उठलेला नाही. दुकानाचे हिशेब बघणारे साहेब समोर बसले होते. त्यांनी वहीतली ओळ वाचली, "माझ्यामागे दुकान नातवाचं," आणि पुढं थोरल्याचं नाव. तुमचा मुलगा रेल्वेत रमलेला, त्याला वगळलंत हे समजते मी. पण धाकटा पांढराफटक पडला. "दादा, मग मी इतकी वर्षं काय, फुकट भांडी पुसली?"

"माझ्यावर कायकू ओरडतोस? आजोबांनी लिहिलंय. आई, तू सांग, कोणती वही ही?"

मी म्हटलं, पहिलं पान दाखवा. अंगठा नव्हता. "दाखवायची आहे. तिच्यातलं काही खरं धरू नका." थोरल्यानं वही मिटली. "हौ, आई," एवढंच बोलला. उद्या तो दुकान धाकट्याला सोडून दिल्याच्या कागदावर सही करणार आहे.

मामंजी, साहेबांनी साल वाचलं तेव्हाच मी बोटांवर मोजलं होतं. त्या दिवाळीत मी परभणीला, माहेरी. पदरात आठ दिवसांचा धाकटा. त्या साली अंगठा लावायला घरात कोणी नव्हतंच, दोन्ही वह्या अंगठ्यावाचून राहिल्या. तुम्ही कोणत्या वहीत लिहिलंत, ते मला ठाऊक नाही. खरीत लिहिलं असेल, तरी तेव्हा या पोराचं तोंडही तुम्ही पाहिलं नव्हतं. पुढं वीस वर्षं जगलात, त्याला मांडीवर घेऊन तराजू शिकवलात, मग ती ओळ बदलायला काय झालं होतं? तेही मुनीमजीच करतील, असंच वाटलं ना?

हिचं पेन थांबलंय. "आजी, हे बाबांना माहीत आहे?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस?"

धाकट्याच्या मुलालाही मराठी लिहिता येतं. तो वरच्याच मजल्यावर राहतो. तरी मी हिला एवढ्या लांबून बोलावलं. थोरल्याच्या तोंडावर सांगायची माझी छाती नाही, मामंजी. तुमच्या नावचं पत्र हा नुसता बहाणा. ते कुठं जायचं नाही.

हिला म्हटलंय, एवढं लिहून झालं की देवघरातला कुंकवाचा करंडा आण. खाली अंगठा लावते.