फलकामागची तार

तीर्थस्वरूप मामांस,

साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). आपला दमा आणि मामींचे गुडघे आटोक्यात असतील, अशी आशा आहे. आता वस्तुस्थिती क्रमाने मांडतो. मध्येच हसू नये.

पहिली गोष्ट: शहरातले पहिले टेलिफोन केंद्र आपण ज्या खोलीत उभारले आणि पुढे तीस वर्षे जिथे शिकवले, तिच्या दारालगत आपल्या गौरवाचा फलक बसवण्याचे महाविद्यालयाने ठरवले. दुसरी: विभागप्रमुख या नात्याने ते काम माझ्याकडे आले (दुसऱ्या कोणाकडे जाणार होते?). तिसरी: अनावरण येत्या रविवारी आहे आणि आपल्याला प्रवास झेपत नसल्याने आपले भाषण त्या खोलीतल्या फोनला कर्णा जोडून सभेला ऐकवायचे आहे. चौथी: तो फोन आज सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी बंद पडला.

पाचवी लिहिताना हात अडखळतो. जागा मी स्वतः तीनदा मोजली होती. दार आणि खिडकी यांच्या बरोबर मध्ये, सुताचाही फरक नाही. गवंडी भिंत ठोकून म्हणाला, "साहेब, चार बोटं डावीकडे घेऊ या का? इथं आतून काहीतरी गेलंय." मी म्हणालो, "भिंतीचं मत मी मागितलेलं नाही." "बरं. मग नंतर मला बोलायचं नाही," म्हणून त्याने भोक पाडले. आत (त्या खोलीत आता कार्यालय आहे) कार्यालयातल्या बाई फोनवर कोणाशी तरी बोलत होत्या. त्या बराच वेळ "हॅलो, हॅलो" करत राहिल्या, मग बाहेर येऊन भोकात डोकावू लागल्या. पाठोपाठ प्राचार्य आले. इमारतीतले सगळे फोन मुके झाले होते. दूरसंचाराच्या आद्य शिक्षकाच्या गौरवार्थ, त्याच्याच पट्टशिष्याच्या देखरेखीखाली!

तार डोळ्यांना दिसता कामा नये, हा आपला आग्रह. म्हणून आपण ती गिलाव्यात पुरलीत, ठीक. पण नकाशा? नकाशा जोडला नाही म्हणून सख्ख्या भाच्याचे पाच गुण कापणाऱ्याने स्वतःचा नकाशा मात्र डोक्यात ठेवावा? दुपारपासून मी त्या भिंतीपुढे येरझाऱ्या घालतो आहे. दुरुस्तीला आलेला माणूस म्हणतो, तार कुठून कुठे जाते ते कळले नाही तर फलकाच्या जागेसकट भिंत फोडावी लागेल. रविवारी आपला आवाजच ऐकू आला नाही, तर अनावरण काय भोकाचे करायचे?

शेजारच्या दुकानातून फोन करता आला असता. पण आपले हसणे साऱ्या दुकानाने ऐकले असते. म्हणून शिपायाला पाठवत आहे. नकाशा मापांसह त्याच्या हाती द्यावा. रिकाम्या हाताने परतू नये, अशी त्याला सक्त ताकीद आहे.

आपला आज्ञाधारक,
भाचा

ता. क. चार बोटे डावीकडे सरकलो असतो, तर फलकाचा एक कोपरा खिडकीच्या उघड्या झडपेआड गेला असता. त्या कोपऱ्यात 'संकल्पना व मांडणी' या शब्दांपुढे माझे नाव आहे. मामींना सांगू नये.

पुन्हा ता. क. नकाशाखाली, ती तार फार जुनी झाली होती आणि आज ना उद्या आपोआपच तुटली असती, एवढे एक वाक्य लिहून ठळक सही करावी. प्राचार्यांना दाखवायचे आहे. उत्तर लेखीच हवे. फोन करू नये, लागणार नाही.