मधल्या खोलीतलं पाणी

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
दि. १४ जुलै २०२५

चि. मोनाली हिस,
अप्पारावचा सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद. वि. वि.

आम्ही दोघं ठीक आहोत. रविवारी फोनवर बोलणं झालेलं असताना सोमवारी पत्र कशाला, असं तुला वाटेल. फोन स्पीकरवर असतो आणि तुझी आत्याबाई शेजारी बसलेली असते. हा विषय तिच्यादेखत काढता येत नाही.

विषय लिलीचा. आकाशनं मधल्या खोलीत आणून ठेवलेली ती कुंडी. पोलीस भरतीत निवड होऊन तू अकोल्याला ट्रेनिंगला निघालीस, तेव्हा मला बाजूला घेऊन सांगितलं होतंस की, ऊन दाखवू नका, त्या खिडकीतून येतो तेवढा उजेड तिला पुरे, आणि आठवड्याला अर्धा तांब्याच पाणी घाला. मी तसंच करतो. रविवारी आत्याबाई विहारात वंदनेला गेली की अर्धा तांब्या ओततो. तीस वर्षं वायरमनकी केली, सांगितलेल्या मापाबाहेर जायची सवय नाही.

पण महिनाभर झालं, पानांनी माना टाकल्यात. एका नर्सरीवाल्यानं सांगितलं, तहान लागली की ही लिली अशीच पडते, पाणी वाढवा. वाढवलं तर खालची पानं पिवळी. दुसऱ्या नर्सरीत गेलो. तो म्हणाला, पाणी जास्त झालं की ही लिली अशीच पडते. तहानेनंही तेच आणि जास्त पाण्यानंही तेच, मग माणसानं ओळखायचं कसं? पांढरं फूल होतं ते आता हिरवं पडलंय. ते म्हातारं झालं का परत पान व्हायला निघालं, तेही कळंना.

आत्याबाईला यातलं काही कळू देऊ नकोस. पोटचा पोरगा, आपला आकाश, जाऊन दीड वर्ष झालं. त्याचे कपडे तिनं देऊन टाकले. एप्रिलात म्हणाली, ती कुंडीपण कुणाला तरी देऊन टाका. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. त्या खोलीतून जाताना ती तिकडं बघतसुद्धा नाही. मी झाडाची उठाठेव करतोय हे कळलं तर तिची जखम परत उघडी पडेल.

उत्तर घरी नको. कचरूच्या इलेक्ट्रिकच्या दुकानाच्या पत्त्यावर टाक. माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
मामा

---

अकोला
दि. २१ जुलै २०२५

ती. मामांना,
मोनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून हसू आलं आणि मग काळजी वाटली. दुकानाच्या पत्त्यावर सासऱ्याला चोरून पत्र लिहिणारी सून आमच्या बराकीत मी एकटीच असेन.

मी बरी आहे. पहाटे परेड, मग कायद्याचे तास, संध्याकाळी परत मैदान. बुटानं टाच सोलली होती, ती आता घट्ट झाली. परेड शिकवणारे उस्ताद म्हणतात, माझा आवाज चांगला आहे पण डावं-उजवं अजून चुकतं.

लिलीचं मला नीट कळत नाही. आठवड्याला अर्धा तांब्या म्हणजे काहीच नाही, त्यानं मुळं सडायला नकोत. पण पानं पिवळी पडून माना टाकत असतील आणि माती ओली असेल, तर ते पाणी जास्तच झाल्याचं लक्षण. फूल हिरवं पडतं ते म्हातारपणानं, त्याची काळजी नको, दांडा बुडातून कापून टाका. दहा दिवस पाणी पूर्ण बंद करा. कुंडीचं बुडाचं भोक बुजलंय का तेवढं बघा. आणि मातीत टेस्टर घालून बघू नका, मामा, मी तुम्हाला ओळखते.

आत्याबाईंना काही बोलणार नाही. तब्येतीला जपा, माझी आठवण काढत राहा.

तुमची,
मोनाली

---

उस्मानपुरा
दि. २९ जुलै २०२५

चि. मोनाली,
सत्यभामाचा जयभीम आन लई लई आशीर्वाद.

पोरी, अंगणवाडीचं रजिस्टर सुटल्यापासून हातात पेन धरला नव्हता. अक्षराला हसू नको. ह्यांना सांगू नको मी लिवलं म्हणून. ते सकाळी फिरायला गेलेत तेवढ्यात लिवते.

तुझ्या मामांचं मला काय बी कळंना झालंय. पोराची एकच वस्तू घरात ऱ्हायली, ती कुंडी, आन हा माणूस तिच्याकडं ढुंकून बघत नाय. मीच घालते पाणी. रोज सकाळी हे भाईर पडले की माठातलं एक पेलाभर. नळाला पाणी आठव्या दिवशी येतं, टाकीतलं खारं टँकरचं, ते तिला कसं घालायचं? ओल्या फडक्यानं पानं पुसते. तरी ती मान टाकती. मग वाटतं तहान भागली नसंल, म्हणून आता दोन पेले घालते.

तू म्हणशील, आत्याबाई, तुमीच तर म्हणला होता कुंडी देऊन टाका. व्हय, म्हणले होते. त्याच्या आधी एकदा जेवताना मी आकाशचं नाव काढलं, तर हे भरल्या ताटावरून उठले आन रात्रीपर्यंत बोलले नायत. मी म्हणलं, ह्यांना त्रास होतो तर पोराचं काईच समोर नको. कपडे दिले ते त्याच्यासाठीच. कुंडी द्यायचं म्हणले आन माझा हात निघंना. हे बी काई बोलले नायत. तसंच ऱ्हायलं.

दुसरं एक मनात आहे, ते फोनवर इचारता येत नाय. फर्दापूरहून तुझ्या आईचा फोन आला व्हता. ती म्हणली, ट्रेनिंग झाल्यावर मोनाली कुठं ऱ्हाईल ते तिचं तिनं ठरवावं. खरंच आहे ते. आमी तुला कोणत्या हक्कानं ये म्हणावं, मला समजत नाय. नको म्हणायला बी जीभ वळत नाय.

फोनवर टाच सोलली म्हणलीस, तिला खोबरेल लाव. माया ऱ्हाऊ दे पोरी.

तुझी,
आत्याबाई

---

उस्मानपुरा
दि. ७ ऑगस्ट २०२५

चि. मोनाली हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तू सांगितल्याप्रमाणं पाणी बंद केलं. आज बारा दिवस होताहेत, दहा नव्हे. माती ओलीच्या ओली. बोट घातलं की चिखल वर येतो. कुंडीचं भोक मोकळं आहे, तारेनं बघितलं. टेस्टर घातला नाही.

मला वाटलं, भिंतीतून ओल येत असेल, म्हणून खिडकीखालचं प्लॅस्टर हातभर खरवडलं. आत ठणठणीत कोरडं. मग फरशीखाली पाईप फुटलाय का म्हणून एक फरशी उचकटली. तिथंही काही नाही. आत्याबाईनं विचारलं काय चाललंय, तर मी सांगितलं, जुनी वायर शोधतोय. ती तिथंच उभी राहून कुंडीला मातीचा खडा लागू नये अशी बघत होती, निदान मला तसं वाटलं. मग निघून गेली. शिवाय आपला माठही गळायला लागलाय बहुतेक. सकाळी भरला की दुपारपर्यंत दोन बोटं खाली जातो. घरात पाणी कुठून जातंय आणि कुठून येतंय, काही लागेना.

झाडाचे मधले दांडे मऊ पडलेत. एक हाताला धरला तर निघूनच आला. आयुष्यभर लोकांच्या घरातला बिघाड शोधला, स्वतःच्या घरातला सापडेना. आकाश दवाखान्यात होता तेव्हाही डॉक्टर जे सांगतील ते मी मापानं करत होतो. ही कुंडी गेली तर आत्याबाईला काही वाटणार नाही, पण मला तोंड दाखवायला जागा राहणार नाही. कुणाला, ते विचारू नकोस.

लवकर कळव.

तुझा,
मामा

---

अकोला
दि. १२ ऑगस्ट २०२५

ती. मामा आणि ती. आत्याबाई यांना,
मोनालीचा सविनय जयभीम. वि. वि.

हे पत्र मुद्दाम घरच्या पत्त्यावर, दोघांच्या नावानं टाकलं आहे. दोघांनी एकत्र बसून, मोठ्यानं वाचायचं. मी तुम्हा दोघांनाही दिलेला शब्द मोडते आहे, त्याबद्दल नंतर रागवा.

मामा, भिंत बुजवून घ्या. माठ गळत नाही. आत्याबाई रोज सकाळी त्यातले दोन पेले लिलीला घालतात.

आत्याबाई, मामा तिच्याकडं बघत नाहीत असं तुम्हाला वाटतं. दर रविवारी तुम्ही विहारात गेलात की ते तिला अर्धा तांब्या पाणी घालायचे. तिच्यासाठी दोन नर्सरी फिरले, फरशीसुद्धा तिच्यासाठीच काढली.

तुमची पत्रं आठवडाभर उशीखाली घेऊन झोपत होते. एकीकडं आत्याबाईंना आकाशचं नाव सहन होत नाही, दुसरीकडं मामांना होत नाही. कुणाचं खरं धरावं कळेना. मग लक्षात आलं की रविवारच्या फोनवर मीही कधी त्याचं नाव घेत नाही. मला वाटायचं, तुम्हा दोघांना त्रास होईल.

आता माझंही ऐका. मला ती लिली कधीच फार आवडली नव्हती. मधली खोली पेटीसारखी अंधारी वाटते असं आत्याबाई म्हणाल्या, म्हणून आकाशनं अंधारात फुलणारं झाड शोधून आणलं होतं. निघताना ते मी फर्दापूरला नेऊ शकले असते. नेलं नाही. आकाश नाही, मूल नाही, मग तुमची मी कोण, याचं उत्तर माझ्याकडं नव्हतं. झाड तिथं राहिलं तर त्याच्या निमित्तानं तुम्ही मला काहीतरी विचारत राहाल, एवढाच माझा हिशेब होता. अशा कामासाठी एका जिवाला तिथं ठेवलं, याची आता लाज वाटते.

झाड कुंडीतून काढा. काळी, मऊ मुळं कात्रीनं छाटा. पांढरी, कडक असतील तेवढीच ठेवा. लहान कुंडी घ्या, माती कमी, नारळाचा भुसा जास्त. मग पाणी एकानंच घाला. कुणी, ते तुम्ही ठरवा.

ऑक्टोबरात आमचं दीक्षांत संचलन आहे. घरच्यांसाठी दोन पास मिळतात. फॉर्मवर नावं लिहायची, पुढं नातं लिहायचं. तुमची नावं लिहिली आहेत. नात्याचा रकाना अजून कोरा आहे. सासू-सासरे लिहायला हात धजत नाही आणि दुसरं काय लिहावं समजत नाही.

चुकलं असेल तर पदरात घ्या.

तुमची,
मोनाली

---

उस्मानपुरा
दि. १८ ऑगस्ट २०२५

चि. मोनाली हिस,
दोघांचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र मी वाचलं. माठाच्या वाक्यापर्यंत आलो आणि आत्याबाई उठून स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं, रागावली. पाच मिनिटांनी ती पदरानं तोंड पुसत आली आणि पुढं वाचा म्हणाली. पूर्ण झाल्यावर तिनं एवढंच विचारलं की, आठवड्याला अर्धा तांब्या हे माप मला कुठल्या शहाण्यानं सांगितलं. मी तुझं नाव सांगितलं.

मग वर्तमानपत्र पसरून झाड काढलं. मुळांना वास येत होता. मी धरलं, तिनं छाटलं. एवढा मोठा गड्डा, त्यातून दोनच कोंब हाती राहिले. जगतील का ते सांगता येत नाही. नर्सरीवाल्याला आता विचारणार नाही.

छाटता छाटता तिनं आकाशचं नाव काढलं. मी उठलो नाही. तो सातवीत असताना पाचोडच्या बाजारात माझी पकड विकून भेळ खाऊन आला होता. मी ती पकड वर्षभर ऑफिसात शोधत होतो. हे तिला तेव्हापासून माहीत होतं आणि मला काल कळलं. दुपारचं जेवण राहून गेलं. दवाखान्याचंही बोललो. मी तिथं मापात काही चुकलो का, हे आजवर कुणाला विचारलं नव्हतं. तिला विचारलं. तिनं काय सांगितलं ते लिहीत नाही, पण रात्री झोप लागली.

पुढचं आत्याबाई लिहिते.

पोरी, पाणी मी घालणार. हे रविवारी बोट घालून बघणार आन मला सांगणार, असं ठरलं. झाड ऱ्हायलं तर ऱ्हायलं. नाय ऱ्हायलं तरी तू पत्र बंद करायचं नाय.

रकान्यात आई आन वडील लिव्ह. कुणी इचारलं, आडनाव नवऱ्याचं आन आईबाप बी त्याच घरातले कसे, तर म्हणावं, उस्मानपुऱ्यात येऊन आत्याबाईंना इचारा. ऑक्टोबरच्या पुढं कुठं ऱ्हायचं ते तूच ठरव. मधली खोली मी पुसून ठेवली, ती काय तुला बांधून ठेवायला नाय.

एकच अडचण आहे. पास दोन आन माणसं तीन. जिनं तुला जन्म दिला तिला सोडून मी कशी येऊ? तिसरा मिळतो का बघ. नाय मिळाला तर तुझी आई आन मी आत बसू. हे वायरमन आहेत, भाईरच्या खांबावर चढून बघतील. ते व्हय म्हणलेत.

आमची ओढ तुला लागू दे, तुझी आमाला हायेच.

तुझे,
अप्पाराव, सत्यभामा